पहिलं कडवं बिनमाईक

१५ सप्टेंबर, सोमवार
मीनलच्या वडिलांची नाशिकला बदली. म्हणजे मीनल गेली, म्हणजे नाताळचं पहिलं कडवं गेलं. तीन वर्षं घासून तयार केलेला आवाज. दाखला न्यायला आली तेव्हा रडली. मीही जरा. आणि तिच्या जागी कोण, हा विचार तिच्यादेखतच डोक्यात सुरू झाला, एवढी मी प्रेमळ.

पहिलं कडवं म्हणजे गंमत नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते लिहिलं, चाल लावली, आणि आमच्या शाळेत तेव्हापासून ते एकाच पद्धतीनं होतं. दिवेलागणीला पटांगणातले सगळे दिवे बंद. मागच्या फाटकातून एक मुलगी कंदील घेऊन एकटी चालत येणार. पेटी नाही, माईक नाही. 'कोण जागं आहे रानात' असं ती मेंढपाळांना विचारते, आणि स्टेजवरून कॉयर उत्तर देतो. तिचा आवाज स्टेजपर्यंत पोचलाच नाही तर कॉयरनं उत्तर कशाला द्यायचं?

मोठ्या बाई (प्राचार्या, यापुढे मो.बा.) म्हणाल्या, "हिवाळे बाई, कॉलर माईक लावू या की." म्हटलं, बघते. बघणार नाही.

१८ सप्टें., गुरु.
सातवीच्या सईला ऐकलं. सुरात आहे, शब्द स्वच्छ. तिसऱ्या बाकाच्या पुढे आवाज जात नाही. डबा खाल्लास का विचारलं. खाल्ला म्हणाली.

२० सप्टें., शनि.
सापडली! शाळेत नाही, रस्त्यावर.

सकाळी दुधाला गवळी गल्लीत गेले होते. गल्लीच्या तोंडाशी संभाजीरावांचा दूधकट्टा, मागे गोठा. मी किटली घेऊन उभी, तेवढ्यात माझ्या मागून "चंद्रेऽऽ, ये बायऽऽ" अशी हाक. अंगावर काटा आला. पार तिकडच्या चौकात एक म्हैस थांबली, वळली आणि दोन रिक्षा, एक स्कूल व्हॅन यांच्यामधून शिंगं सांभाळत सरळ इकडे आली. हाक मारणारी नववी ब मधली ऋतुजा, संभाजीरावांची मुलगी. प्रार्थनेला शेवटच्या रांगेत नुसते ओठ हलवत उभी असते ती.

"अगं, हा आवाज शाळेत कुठं ठेवतेस?"
"मोठा हाय की बाई. मी म्हटलो की सगळी बघत्यात."

बघायलाच पाहिजेत, म्हटलं.

२२ सप्टें., सोम.
भांडण. म्हणजे कांबळे सरांशी, म्हणजे तसं नाहीच, ते भांडत नाहीत. खेळाचे शिक्षक असून एवढा शांत माणूस मी पाहिला नाही, त्यानंच जास्त चिडायला होतं. ऋतुजा (ऋ.) पंधराशे मीटर पळते म्हणे. रोज पहाटे म्हशीबरोबर नदीला जाऊन-येऊन पाय तयार झालेत. डिसेंबरात सांगलीला विभागीय स्पर्धा.

"बाई, ही माझी."
"कधीपासून?"
"तुम्ही ऐकायच्या आधीपासून."

वाटणी झाली. सकाळी शाळेआधी त्यांची, संध्याकाळी सुटल्यावर एक तास माझी. तो तास विज्ञानाच्या जादा वर्गाला द्या असं मो.बा. म्हणत होत्या, कारण विज्ञानात तिचे दिवे आहेत. तो वर्ग मधल्या सुट्टीत ढकलला. पोरीला काय हवंय ते कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

२६ सप्टें., शुक्र.
रियाज सुरू. आवाज आहे, पण नुसता फेकते. म्हटलं, घसा ताणायचा नाही, श्वास पोटातून, सूर गोल ठेव, टोकाला हळू सोड. ऐकते, मान हलवते, परत ओरडते. मी पट्टी आपटते. मग ती हसते. तिचं हसणं मात्र छान सुरात आहे.

घरी म्हणून बघ म्हटलं तर "टाइम कुठं हाय बाई." संभाजीरावांचं बोट गणपतीत कडबाकुट्टीत सापडलं, टाके पडले. तेव्हापासून दोन्ही वेळा धार ही काढते. सकाळी गोठ्यात, संध्याकाळी कट्ट्यावर, गिऱ्हाइकांसमोर. धारोष्ण पेले तिथल्या तिथं भरून द्यायचे. पहिलवान पोरं रांग लावून उभी असतात.

"मग धार काढताना म्हण," म्हटलं. सहज म्हटलं.

९ ऑक्टो., गुरु.
सहामाही चालू. पर्यवेक्षणात तीन तास उभी, गुडघे बोलायला लागलेत. ऋ.चा विज्ञानाचा पेपर "बरा गेला, म्हंजे गेला."

पण आवाज! काल फाटकापाशी उभी करून म्हणायला लावलं. मी स्टेजवर. पहिल्या ओळीला डोळे मिटले मी. कसा गोल, कसा सावकाश आला माझ्यापर्यंत. आप्पा असते तर पेटी बंद करून बसले असते. एवढ्या वर्षांत एवढी खूश झाले नव्हते. मीनलला मनात सॉरी म्हटलं.

१४ ऑक्टो., मंगळ.
उद्यापासून दिवाळीची सुट्टी. ऋ. म्हणाली, पाडव्याला या की बाई, चंद्री पळवणार हाय. गेल्या साली आमचा पयला नंबर हुता.

जाईन.

२२ ऑक्टो., बुध. पाडवा
हे लिहायला नको वाटतंय.

गेले होते. चौकात पाय ठेवायला जागा नाही. चंद्री नटलेली, शिंगांना रंग आणि मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पाठीवर नक्षी कातरलेली. राणी दिसत होती. बाकीच्यांच्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागे आवाजाबरोबर धावत गेल्या, लोक शिट्ट्या मारत होते. संभाजीरावांची पद्धत वेगळी: गाडी नाही, नुसती हाक. गेल्या वर्षी त्यावरच नंबर आला. ऋ. रस्त्याच्या त्या टोकाला उभी, नवा ड्रेस घालून.

तिनं हाक मारली. आणि ती मी शिकवलेल्या आवाजात आली. पोटातून, गोल, टोकाला हळू सोडलेली. मी गर्दीत अर्धा क्षण खूश झाले, हे लिहून ठेवते.

चंद्री जागची हलली नाही. मागचे पाय फाकवून शांतपणे उभी राहिली, डोळे अर्धे मिटले, आणि भर चौकात, एवढ्या माणसांत, सडांतून दूध गळायला लागलं. टप टप नाही, चांगलं. हसण्याचा लोट उठला. ऋ.नं मग जुनी हाक मारली, ओरडून, रडून. चंद्री ढिम्म. कुणीतरी ओरडलं, "संभा, म्हस चर्चला जाती व्हय रं तुझी?"

संभाजीरावांनी दावं धरून तिला नेलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दूध रस्त्यावर तसंच.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज
मिरजेहून दीपक आला. ओवाळलं. त्याला सांगितलं तर पोट धरून हसला. मी त्याचं ताट उचललं. मग परत ठेवलं.

३ नोव्हें., सोम.
शाळा सुरू. ऋ. रियाजाला आली नाही. वर्गात जाऊन विचारलं. उभी राहिली, खाली बघत. "पप्पांनी गाणं बंद केलंय. आवाज बिघडला म्हणत्यात माझा."

बिघडला! मला इतका राग आला की फळ्यावर उगाच स्वर लिहीत बसले. मग स्टाफरूममध्ये गेल्यावर राग कुणाचा ते कळेना. हाक तिची होती. म्हशीला कळायची, घरादाराला कळायची. मी तिला सांगितलं, टोकाला हळू सोड. मला कुणी विचारलं होतं?

सकाळी मैदानावर मात्र पळत होती. ते बंद नाही. कां. सर घड्याळ बघत उभे. मला बघून म्हणाले, "बाई, चहा घ्या." घेतला नाही.

६ नोव्हें., गुरु.
मो.बा. परत कॉलर माईक. सईला कंदील देऊन फाटकातून चालवलं. अर्ध्या वाटेत कंदील विझला, गाणंही. पोरीचा काय दोष.

मो.बा. तशा वाईट नाहीत. "परंपरा म्हणून सगळ्यांनी कान टवकारून बसायचं आणि काहीच ऐकू यायचं नाही, हे बरं दिसतं का?" असं म्हणाल्या. या महिन्याच्या अखेरीपर्यंत ठरवा म्हणाल्या. नाही ठरलं तर माईक.

१४ नोव्हें., शुक्र.
बालदिन. मुलांनी आम्हाला नाच करायला लावला. तो विषय नको.

दुपारी शिपाई सांगत आला, गवळी आलेत, बाईंना भेटायचंय म्हणतात. संभाजीराव. धुतलेला शर्ट, बोटाची पट्टी निघालेली. बसा म्हटलं तर बसेनात. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. मी आधीच चार वाक्यं तयार केली होती, सगळी तिखट.

"बाई, म्हस दूध चोरती."
"म्हणजे?"
"धार सोडंना पाडव्यापास्नं. मी बसलो तरी न्हाई, मंडळी बसली तरी न्हाई. गुरांचं डागदर झालं, पेंड बदलून झाली. सड सुजाय लागलं तिचं. पोरगी बसली तर देती जरा, पर पयल्यासारखं न्हाई."

ऋ.ला वर्गातून बोलावलं. ती दाराशीच उभी. आणि मग तिनं हळूच सांगितलं, "बाई, तुम्हीच म्हटला हुता की. धार काढताना म्हण. मी रोज म्हणत हुतो. दोन्ही टायमाला. पप्पांनी बंद कर म्हटल्यापास्नं गप बसतो."

मग मला पाडव्याचा सगळा उलगडा झाला. चंद्रीला हाक ऐकू आली नव्हती असं नाही. तिनं अगदी बरोबर ऐकलं. तो आवाज म्हणजे धारेची वेळ झाली, पाय फाकवून उभं राहायचं, पान्हा सोडायचा. महिनाभर दोन्ही वेळा आम्हीच तिला शिकवलं, मी आणि ऋ.नं. बिचारी सांगितलेलं ऐकून उभी राहिली तर लोक हसले.

संभाजीरावांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. "म्हंजे गाण्यावर लागली व्हय?" आणि मग बसले. पाणी मागितलं.

तयार केलेली चार वाक्यं वाया गेली. बरं झालं.

१५ नोव्हें., शनि.
ऋ. सांगत आली, धावतच. काल संध्याकाळी कट्ट्यावर म्हटलं. पहिल्या ओळीलाच चंद्रीनं डोळे मिटले. बादली भरली. पहिलवान पोरं पेले धरून गप्प उभी राहिली, एकानं टोपी काढली.

आणि हाक? "ती जुनीच मारतो आता. गोल न्हाई. गोल फकस्त धारंला." दोन्ही आवाज पोरीनं वेगळे ठेवले. मी शिकवलं नाही ते.

स्टेजचं विचारलं. पप्पा म्हणाले, बघू.

१९ नोव्हें., बुध.
'बघू'चा अर्थ आज कळला. कार्यक्रम २० डिसेंबर, दिवेलागणीला. धार पण दिवेलागणीला. मी कट्ट्यावर गेले, बाकड्यावर बसले, पेला घेतला (गरम, फेसाळ, जड; रात्री जेवले नाही).

"एक दिवस धार लवकर काढा."
"म्हशीला कुठं कळतंय आज नाताळ हाय म्हणून? दुपारी सोडत न्हाई ती."
"मग उशिरा."
"हंबरून गल्ली गोळा करंल. आणि आत्ता कुठं सूज उतरली बाई. तुंबवली की परत तेच."
"बाकी म्हशी आहेत की तुमच्या."
"त्यांचं काय न्हाई हो. त्या गरीब हायत. ही अशी."

बरोबर आहे त्यांचं. मो.बां.ना वेळ बदला म्हणून विचारलं. कंदील दिवसाउजेडी लावायचा का, म्हणाल्या. तेही बरोबर. सगळेच बरोबर असले की माझं डोकं दुखतं.

२१ नोव्हें., शुक्र.
मोबाईलवर ऋ.चं गाणं भरलं. चंद्रीच्या कानापाशी धरलं. चंद्रीनं मोबाईल चाटला. संभाजीरावांनी स्पीकर आणला, गणपतीतला. चंद्री दावं तोडून मागे सरली, एक पेला फुटला. तो उपाय संपला.

२४ नोव्हें., सोम.
कां. सर आज पहिल्यांदा अडचणीत दिसले. विभागीय स्पर्धा २१ डिसेंबर, रविवार. पहाटे सांगलीला निघायचं. म्हणजे सकाळची धारही ऋ.विना. संभाजीराव म्हणाले, दोन्ही न्हाई जमायचं. एकपण न्हाई जमायचं.

चहा घेतला आज कां. सरांबरोबर. मग म्हणाले, "बाई, पोरगीला आवाज दिला कुणी? तुम्हीच ना? मग तोच आवाज तुमच्याकडे असणार की."
"मी गोठ्यात जाऊन गाऊ?"
"मी काय म्हटलं? मी म्हटलं, 'असणार'."

वैताग माणूस.

२५ नोव्हें., मंगळ.
दिवसभर तेच डोक्यात. आणि एक जुनं वर आलं.

सातवीत होते मी. आप्पा याच शाळेत पेटीवर. पहिलं कडवं मलाच मिळणार असं घरात सगळ्यांनी धरलं होतं, आईनं पांढरा फ्रॉक शिवला होता. आप्पांनी ते माझ्याच वर्गातल्या शांताला दिलं. मला म्हणाले, "तुझा आवाज घोळक्यात छान लागतो, बाळ." रागावून नाही, मायेनंच. त्यांचा कान खरा होता. मग मी घोळका सांभाळायलाच शिकले. कितीजणींना ते कडवं शिकवलं असेल, लोकांकडे पाठ करून हात हलवत. एकटीनं, कुणासमोर, ते कधीच म्हटलेलं नाही. बाथरूममध्येही नाही. हे आज लक्षात आलं आणि वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

२७ नोव्हें., गुरु.
गेले. सकाळी, अंधारात, स्वेटर घालून. ऋ. धारेला बसली, मी तिच्या जागी गायचं, ती गप्प राहायची, असं ठरलं.

पहिली ओळ म्हटली. चंद्रीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तपासनीस बघतात तसं. मग शेपटी फिरवली, ती माझ्या चष्म्यावर. धार नाही.

ऋ. म्हणाली, "बाई, तुम्ही घाबरून म्हणताय."

३० नोव्हें., रवि.
आमच्या देवळात, म्हणजे चर्चला, उपासना, नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. त्याआधी पहाटे गोठा. नाही.

मो.बां.ना सांगितलं, ऋ. गाणार. ठरलं असं सांगितलं. देवा, क्षमा कर, ठरलेलं काहीच नाही.

३ डिसें., बुध.
नाही.

६ डिसें., शनि.
कां. सर अभिवादनाला गेलेले, मैदान शांत. मी गोठ्यात. आज निदान शेपटी नाही मारली.

संभाजीरावांनी अट सांगितली. कार्यक्रमाच्या शनिवारी संध्याकाळी कट्ट्यावर तुमच्या गाण्यावर चंद्री पान्हावली तर पोरगी रविवारी सांगलीला जाईल. न्हाई पान्हावली तर तिथल्या तिथं फाटकातनं माघारी बोलवीन, गाणं अर्धं ऱ्हायलं तरी. "मुकं जनावर हाय बाई. त्याला तरास नको." म्हणजे आता गाणं आणि पळणं दोन्ही माझ्या गळ्यावर. या वयात.

९ डिसें., मंगळ.
मी कट्ट्यावर, तर कॉयर कोण सांभाळणार? कां. सर. हो, तेच. "हात वर केला की सुरू, मूठ केली की बंद, एवढंच ना?" म्हणाले. एवढंच! तीस मुली, वरचा आणि खालचा असे दोन आवाज. पण सुरुवात केली तर मुली अशा एकत्र सुटल्या की मला जळफळाट झाला. शिट्टी मात्र काढून घेतली गळ्यातली.

१३ डिसें., शनि.
ऋ. आज धारेला बसता बसता म्हणाली, "बाई, मला कुणी विचारलंच न्हाई, गायचंय का पळायचंय."
"मग सांग. काय करायचंय?"
"दोन्ही की." आणि हसली. "पर पयलं चंद्रीला तरास नको."

विचारलं असतं सप्टेंबरातच तर हेच सांगितलं असतं तिनं.

१६ डिसें., मंगळ.
आज चंद्रीनं कान हलवला. माझ्या दुसऱ्या ओळीला. संभाजीराव म्हणाले माशी असंल.

माशी नव्हती.

१८ डिसें., गुरु.
घसा बसलाय. मिठाच्या गुळण्या. ऋ.नं हळद घालून दूध पाठवलं, चंद्रीचंच.

विज्ञानाच्या चाचणीत ऋ. पास. मो.बा. स्वतः सांगायला आल्या. मी त्यांना मिठी मारली, त्या घाबरल्या.

२० डिसें., शनि.
आत्ता आले घरी. अंगाला शेणाचा वास. क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दिवेलागणी. शाळेचे दिवे गेले, ते कट्ट्यावरूनच कळलं, कारण मागचं फाटक आणि गल्ली यांच्यामध्ये फक्त एक भिंत आणि चिंचेचं झाड. कट्ट्यावर नेहमीची माणसं, पेले घेऊन. मला बघून कुणी हसलं नाही, याचंच आश्चर्य वाटलं. संभाजीराव धारेला बसले. चंद्री उभी, पाय जुळवून. म्हणजे नाहीच द्यायचं.

मी सुरू केलं. पहिल्या शब्दाला आवाज फाटला. थांबले. संभाजीराव खालूनच म्हणाले, "म्हणा बाई. आमीच हाय." परत सुरू केलं. 'कोण जागं आहे रानात.' पोटातून, गोल, जसं सगळ्यांना शिकवलं तसं. एकटीनं. समोर माणसं, पाठ कुणाकडे नाही. पांढरा फ्रॉक आठवला. डोळ्यांत पाणी आलं, पण सूर धरून ठेवला.

दुसरी ओळ संपता संपता भिंतीपलीकडून तेच आलं. ऋ. कंदील घेऊन फाटकातून निघाली होती. बिनमाईक. तोच सूर, तीच चाल, माझ्यापेक्षा दोन ओळी मागे. काही क्षण आम्ही दोघी एकदमच गात होतो, ती तिकडं, मी इकडं, मध्ये चिंच.

चंद्रीनं पाय फाकवले. डोळे मिटले. बादलीत पहिली धार वाजली, मग दुसरी. मी गातच राहिले, कडवं संपलं तरी, परत पहिल्यापासून. पलीकडून कॉयरचं उत्तर आलं, सगळं एकदम, भरून. कां. सरांचा हात बरोबर पडला.

बादली भरल्यावर संभाजीराव उठले, गुडघे झटकले. "बाई, तुमचा लागला हो आवाज." पहिला पेला मला दिला.

नंतर ऋ. पळत आली, पांढऱ्या कपड्यांत. कां. सर तिच्या मागे, दमलेले. ऋ.नं चंद्रीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला वाटलंच, हिला तिथनं ऐकू येणार. फाटकात आलो आणि मुद्दाम आवाज मोठ्यांदा सोडला."

संभाजीरावांनी कां. सरांना पेला भरून दिला. कां. सर पेल्यात बघत राहिले.

उद्या पहाटे ऋ. सांगलीला. गाडी यायच्या आधी गोठ्यात मी पोचायचं ठरलंय. भिंतीपलीकडे उद्या कुणीच गाणार नाही. त्यामुळे चंद्रीनं पान्हा कुणाच्या आवाजाला सोडला ते उद्या कळेल. आजच्या दिवस मी धरून चालणार, की माझ्याच.

गजर पाचचा लावलाय.